चूक जितकी लवकर सापडेल तितकी स्वस्त: सॉफ्टवेअरचं काम सुधारायचं म्हणजे काय

बेळगावच्या उद्यमबागेतल्या किंवा मच्छेतल्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा, सगळ्यात जास्त जीव कशाने जळतो? मशीन शॉपमध्ये उघड्या पडलेल्या ब्लो होलने, असंच तो सांगेल. वाळूचा साचा झाला, धातू ओतला, साचा फोडून कास्टिंग साफ केलं, घासलं, वरून तपासलं, सगळं झकास दिसलं. मग ते मशीनवर चढतं, बोअरिंग सुरू होतं आणि टूल आत गेल्यावर पोटातलं भोक दिसतं. दोष साच्यात जन्मलेला असतो. वाळूत पाणी जरा जास्त झालं, किंवा वायूला बाहेर पडायला वाट ठेवली नव्हती. पण तो सापडला थेट शेवटच्या टप्प्यावर, आणि तोवर त्या तुकड्यावर वीज, मजुरी, टूलची झीज, मशीनचे तास असा सगळा खर्च चढलेला असतो. एका भोकापायी तो सगळा भंगारात जातो.

चांगली फाउंड्री अशा वेळी मोल्डिंगवाल्याला झापत बसत नाही. ती दर पाळीला वाळूतला ओलावा मोजते, ओतताना धातूचं तापमान बघते, रिजेक्ट झालेला तुकडा बाजूला ठेवून तो कुठल्या हीटमधला (म्हणजे धातू वितळवण्याच्या कुठल्या खेपेतला), कुठल्या पॅटर्नवरचा (साच्याच्या कुठल्या नमुन्यावरचा) याची नोंद करते. दोष जिथे जन्मतो त्याच्या जितक्या जवळ तो सापडेल तितकं नुकसान कमी, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

सॉफ्टवेअरचं काम सुधारणं म्हणजे मुळात एवढंच. त्यासाठी निघालेल्या पद्धतींची नावं भरपूर आहेत, प्रमाणपत्रं आहेत, महागडी प्रशिक्षणं आहेत. पण ते सगळं बाजूला ठेवलं तर एकच प्रश्न उरतो: चूक कुठे जन्मली, कुठे सापडली, आणि त्या दोन जागांमधलं अंतर कसं कमी करायचं?

हे मी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या वाचकांसाठी लिहितोय, कारण आपल्याकडे आता हे काम दारात आलं आहे. व्हीटीयू या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, दरवर्षी मुलं पुण्याला आणि बंगळूरला जातात, काही परत येतात, काही घरूनच काम करतात. आणि पाच-सात जणांची छोटी ऑफिसं आहेत, जी इथल्याच पतसंस्थांसाठी, फाउंड्रींसाठी, साखर कारखान्यांसाठी, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतात. या छोट्या ऑफिसांत "प्रोसेस हे मोठ्या कंपन्यांचं काम, आपल्याला कुठे परवडतंय" असं सर्रास ऐकू येतं. मला हे अगदी उलट वाटतं. मोठ्या कंपनीत चार माणसं सोडून गेली तरी गाडा चालतो. पाच जणांच्या ऑफिसातून एक जण गेला आणि त्याच्या डोक्यातलं कुठेच उतरवलेलं नसेल, तर अख्खं गिऱ्हाईक अडकतं.

थोडा इतिहास

सॉफ्टवेअर वेळेत होत नाही, ठरल्या पैशात होत नाही आणि झालं तरी नीट चालत नाही, ही तक्रार जुनी आहे. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत यावरच चर्चा झाली आणि "सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग" हे नाव तिथून रूढ झालं. पूल बांधणारे जसे शिस्तीने बांधतात तशी काही शिस्त इथेही हवी, असा त्यामागचा विचार.

मग एक सरळ चित्र लोकांच्या मनात बसलं: आधी सगळ्या गरजा लिहून काढा, मग आराखडा करा, मग कोड (म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचना) लिहा, मग तपासा, मग बसवा. एक पायरी पुरी झाली की पुढची. याला वॉटरफॉल म्हणतात. हे चित्र विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधातून आलं असं सांगतात. पण रॉइस यांनी त्याच निबंधात स्पष्ट लिहिलं होतं की हे असंच्या असं राबवणं धोक्याचं आहे, कारण तपासणी शेवटी येते आणि मोठ्या चुका तेव्हाच कळतात. चित्र सगळ्यांनी उचललं, इशारा मागे राहिला. का राहिला तेही समजण्यासारखं आहे. टेंडर असंच लिहिलं जातं, बिलं असेच टप्पे धरून निघतात, आणि ज्याला सॉफ्टवेअर विकत घ्यायचं आहे त्याला "सगळं आधीच ठरलंय" हे ऐकायला बरं वाटतं.

दुसरी जुनी चूक म्हणजे काम मागे पडलं की माणसं वाढवणं. आयबीएमच्या एका प्रचंड प्रकल्पाची धुरा वाहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये मांडलं की उशिरा चाललेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर नवी माणसं घातली की ते आणखी उशिरा होतं. हिशेब करून बघा. चौघांच्या गटात दोघादोघांच्या जोड्या होतात ६. दहा जणांच्या गटात त्या होतात ४५. प्रत्येक जोडीत काहीतरी सांगायचं, समजवायचं, विसरायचं असतं. शिवाय नव्या माणसाला शिकवायला जुनाच माणूस लागतो, म्हणजे जो काम पुढे नेत होता तोच थांबतो.

गरज नीट न कळणं, ही सगळ्यात महागडी चूक

आता एक प्रसंग जवळून बघू. समजा, चिक्कोडी भागातल्या एका साखर कारखान्यासाठी वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आहे. उसाची गाडी काट्यावर येते, भरलेलं वजन होतं, गव्हाणीत ऊस खाली होतो, रिकाम्या गाडीचं वजन होतं, दोन्हींची वजाबाकी होऊन पावती निघते. भरलेली गाडी २४.५६० टन, रिकामी ८.१४० टन, ऊस १६.४२० टन. इथवर सोपं आहे.

हंगामाच्या दोन महिने आधी कारखान्याच्या शेतकी विभागातून मागणी येते: पावतीवर शेतकऱ्याचं नाव कन्नडमध्येही आलं पाहिजे. ऑफिसातला मुलगा हुशार आहे. तो मराठी नावाचं अक्षराला अक्षर ठेवून कन्नड करणारा कोड लिहितो. त्यात वेळ जातो, कारण जुना डेटा श्रीलिपीत (मराठी टायपिंगच्या एका जुन्या पद्धतीत) भरलेला आहे, काही गावांची यादी नुडीत (कन्नडसाठीच्या तशाच पद्धतीत) आहे, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या सामाईक पद्धतीत, आणताना दोन्हींची अक्षरं फुटतात. तो तेही सोडवतो. हंगाम सुरू होतो, पावत्या निघू लागतात आणि चौथ्या दिवशी शेतकी विभागाचा फोन येतो: नावं जुळत नाहीत, बिलं अडकली आहेत.

झालं असं होतं. विभागातला कारकून पावतीवरचं नाव जमिनीच्या उताऱ्यावरच्या नावाशी ताडून बघत होता. कर्नाटकातला उतारा कन्नडमध्ये. सोसायटीतली नोंद मराठीत. बँकेचं पासबुक इंग्रजीत. एकाच शेतकऱ्याचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेलं, आणि कित्येकदा शेत अजून वडिलांच्या किंवा चार भावांच्या नावावर. त्याला हवं होतं ते एवढंच की पावती बघताक्षणी कळावं, हा ऊस कुठल्या शेतातला आणि पैसे कुठल्या खात्यात जायचे. कन्नड नाव हा त्याला स्वतःला सुचलेला उपाय होता. आणि मराठीवरून अक्षरं बदलून तयार केलेलं कन्नड नाव तलाठ्याने उताऱ्यावर लिहिलेल्या नावासारखं असेलच असं नाही. खरं तर एकदाच नीट बसून प्रत्येक शेतकऱ्याच्या कोड नंबरला सर्व्हे नंबर, उताऱ्यावरचं नाव जसंच्या तसं आणि बँक खातं जोडून ठेवलं असतं, तर अक्षरं बदलणारा तो कोड लागलाच नसता. उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं असा ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे, त्यामुळे हा घोळ कागदावर राहत नाही, तो थेट शेतकऱ्याच्या घरात पोचतो.

यात त्या मुलाने काय चुकीचं केलं? त्याचा कोड तर बरोबर होता. दोष मागणी ऐकण्याच्या क्षणी जन्मला आणि हंगाम सुरू झाल्यावर सापडला. मधल्या सगळ्या पायऱ्यांवर मेहनत चढत गेली.

हा दोष लवकर पकडायला फार काही लागत नाही. कोडची एक ओळ लिहायच्या आधी त्या कारकुनाच्या शेजारी एक दुपार बसायचं आणि विचारायचं:

"साहेब, हे कन्नड नाव आलं की तुम्ही त्याचं पुढे काय करणार?"

"उताऱ्याशी जुळवणार की. नाहीतर बिल पुढे सरकत नाही."

"आणि जुळलं नाही तर?"

"मग चिटबॉयला फोन, नाहीतर शेतकऱ्यालाच बोलवून घ्यायचं."

एवढ्यात खरी गरज हाताला लागते. त्यानंतर कॉम्प्युटरवर साध्या मजकुरात एक नमुना पावती टाईप करायची, वीस प्रती छापायच्या, कारकून, चिटबॉय (गावात ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस), काट्यावरचा ऑपरेटर आणि दोन शेतकरी यांच्या हातात द्यायच्या. कुठे बोट ठेवून लोक वाचतात, काय शोधतात, काय बघतच नाहीत, हे डोळ्यांनी दिसतं. पद्धतींच्या भाषेत याला प्रोटोटाइप म्हणतात. माझ्या मते छोट्या ऑफिसाने बाकी काही केलं नाही आणि एवढंच केलं तरी अर्धी लढाई जिंकली.

"गरजा लिहून द्या, मग काम सुरू करतो" असं म्हणणाऱ्यांची अडचण मला कळते. गिऱ्हाईक रोज नवं सांगतं, पैसे मात्र तेवढेच देतं. पण लेखी मागणी हातात असली म्हणून ती बरोबर ठरत नाही. मागणीमागचं काम बघितलेलं असलं तरच ती बरोबर आहे की नाही ते कळतं.

हातात एका वेळी किती कामं?

काम उशिरा का होतं, याचं बहुतेक ठिकाणचं उत्तर "मुलं हळू काम करतात" हे नसतं. एका वेळी फार कामं उघडी असतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक नियम गणिताने सिद्ध केला. रांगांचा अभ्यास करणारे तो आजही रोज वापरतात. सोप्या भाषेत: हातात असलेल्या कामांची संख्या भागिले आठवड्याला पुरी होणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारा वेळ. ऑफिसात १२ कामं उघडी आहेत आणि आठवड्याला ३ पुरी होतात, तर एक काम सरासरी ४ आठवडे घेणार. तीच माणसं, तोच वेग, पण उघडी कामं ६ ठेवली तर २ आठवडे. कोणी जास्त तास बसलं नाही, कोणाला ओरडावं लागलं नाही.

कानबान नावाची पद्धत यावरच उभी आहे. ती टोयोटाच्या कारखान्यांतून आली आणि पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी उचलली. भिंतीवर एक फळा, त्यावर रकाने: करायचं, चालू, तपासणी, झालं. प्रत्येक काम एका चिठ्ठीवर. आणि "चालू"च्या रकान्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त चिठ्ठ्या लावायच्या नाहीत. हा शेवटचा नियमच त्यातला जीव आहे, आणि लोक नेमका तोच सोडून देतात. फळा रंगीबेरंगी होतो आणि "चालू"मध्ये चिठ्ठ्यांचा ढीग पडतो.

आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत याला आणखी एक फाटा असतो, तो म्हणजे फोन. जो कोड लिहितो तोच सपोर्टचा फोन घेतो, तोच गाडी काढून गोकाकला किंवा अथणीला जातो. दर वीस मिनिटांनी डोक्यातला धागा तुटतो आणि तो परत जोडताना चुका शिरतात. यावर उपाय म्हणून फोनची पाळी लावावी. एका दिवशी एकानेच फोन घ्यायचे, त्याच्याकडून त्या दिवशी नव्या कोडची अपेक्षा ठेवायची नाही, बाकीच्यांनी फोनला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकांना सुरुवातीला आवडत नाही, "मला त्यांच्याशीच बोलायचंय" म्हणतात. पण यातून एक मोठा फायदा निघतो: प्रत्येकाला प्रत्येक गिऱ्हाइकाचं काम थोडं थोडं कळू लागतं.

कोड लिहिताना

इथे तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही फुकट आहेत.

पहिली, कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन. गिट हे २००५ मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांनी लिहिलं आणि आज जगभर तेच चालतं. कोणी, कधी, कुठली ओळ, कशासाठी बदलली हे त्यात राहतं आणि मागच्या कुठल्याही स्थितीला परत जाता येतं. अजूनही "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरं" अशा नावांचे फोल्डर पेन ड्राइव्हवरून फिरवणारी ऑफिसं आहेत. त्यांनी आजच थांबून गिट शिकावं.

दुसरी, एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचणं. आयबीएममधल्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये याची रीतसर पद्धत मांडली. आज ती बरीच हलकी झाली आहे, पण गाभा तोच. दीड-दोनशे ओळींचा बदल असेल तर वाचणारा खरोखर वाचतो. दोन हजार ओळी एकदम आल्या तर तो वरवर चाळून "ठीक आहे" म्हणतो. आणि एक गोष्ट कळकळीने सांगाविशी वाटते. आपल्याकडे वयाचा, अनुभवाचा मान मोठा. ज्येष्ठाने सगळ्यांसमोर नव्या मुलाला "हे काय लिहिलंस?" म्हटलं की तो पुढच्या वेळी कोड दाखवायचंच टाळतो, किंवा शेवटच्या क्षणी दाखवतो. म्हणजे चूक आणि तिचा शोध यांतलं अंतर पुन्हा वाढलं. शेरा कोडवर असावा: "रिकाम्या गाडीचं वजन आधी आलं तर इथे काय होईल?" असा. आणि ज्येष्ठाचा कोडही नव्या मुलाने वाचावा. त्याला न कळलेली ओळ ही बहुतेक वेळा खरंच अवघड लिहिलेली असते.

तिसरी, आपोआप चालणाऱ्या चाचण्या. म्हणजे कोड तपासणारा कोड. वजनकाट्याचंच घ्या. रिकामं वजन भरलेल्यापेक्षा जास्त आलं तर पावती निघू नये. "कुऱ्हाडे" हे आडनाव छापताना अर्धा र फुटू नये. गाडी रात्री ११:५० ला भरलेली काट्यावर आली आणि १२:४० ला रिकामी झाली, तर तो ऊस कुठल्या दिवसात धरायचा? कारखान्याचा हिशेबाचा दिवस पाळीप्रमाणे बदलत असेल आणि कॉम्प्युटरचा मध्यरात्री, तर पंधरवड्याच्या शेवटच्या रात्री बिलात फरक पडणारच. अशी एकेक शंका एकेका चाचणीत बांधून ठेवायची. कोणीही कोड बदलला की सगळ्या चाचण्या आपोआप चालतात आणि काही मिनिटांत कळतं, आपण काही मोडलं का. एकदा सापडलेली चूक परत येऊ नये यासाठी तिची चाचणी लिहूनच ती दुरुस्त करायची, एवढा एक नियम पाळला तरी वर्षभरात सॉफ्टवेअरचा कस बदलतो.

आता कोड लिहून देणारी एआय साधनं आली आहेत आणि मुलं ती भराभर वापरतात. त्याने लिहिण्याचा वेग वाढला, वाचण्याचा आणि तपासण्याचा नाही. म्हणून या तीन गोष्टींची गरज आणखी वाढली, असं माझं मत आहे.

बसवताना: एका सर्व्हरची गोष्ट

नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर बाजारातले सौदे करणारी मोठी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला सकाळी बाजार उघडला आणि पाऊण तासात तिचं ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. कारण पुढे चौकशीत बाहेर आलं आणि ते वाचताना अंगावर काटा येतो, इतकं ते साधं आहे.

नवा कोड आठ सर्व्हरवर, म्हणजे सौदे चालवणाऱ्या आठ मोठ्या कॉम्प्युटरांवर, टाकायचा होता. तो सातवर टाकला गेला, आठव्यावर राहिला. टाकणाऱ्याचं काम दुसऱ्या कोणी तपासावं असा नियमच नव्हता. नव्या कोडने एक जुनं चिन्ह नव्या अर्थाने वापरलं होतं. ते चिन्ह पूर्वी ज्या कामासाठी होतं ते काम २००३ पासून बंद होतं, पण त्याचा कोड काढून टाकलेला नव्हता. आठव्या सर्व्हरवर ते चिन्ह पोचलं, त्याने जुना अर्थ घेतला आणि थांबायचं कुठे हे न कळता सौदे सोडत राहिला. बाजार उघडायच्या आधी कंपनीतल्या लोकांना यंत्रणेकडून ९७ ईमेल आले होते, त्यात या बिघाडाचा उल्लेख होता. पण ते ईमेल धोक्याची सूचना म्हणून आखलेले नव्हते, त्यामुळे कोणी जागं झालं नाही. आणि गडबड सुरू झाल्यावर घाईत उपाय काय केला? बरोबर चालणाऱ्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला. त्यामुळे तेही आठव्यासारखेच वागू लागले.

यातला एकेक दुवा बघा. वापरात नसलेला कोड वेळेत काढला असता तर, बसवण्याचं काम हाताने न करता आपोआप झालं असतं तर, दुसऱ्या माणसाने आठही सर्व्हर ताडून बघितले असते तर, ईमेलऐवजी कोणाचा तरी फोन वाजला असता तर, परत फिरायची वाट आधी करून बघितलेली असती तर. पाचांपैकी एक जरी असता तरी नुकसान कितीतरी कमी झालं असतं.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले, भारतात काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. तिथेही मुख्य धडा हाच होता की बदल सगळीकडे एकदम पाठवला गेला होता. आधी थोड्या ठिकाणी पाठवून बघितला असता तर थोड्याच ठिकाणी बिघडला असता.

आपल्या मापात याचा अर्थ असा. चार काटे असतील तर नवी आवृत्ती आधी एकावर, दोन दिवस बघून मग उरलेल्या तिन्हींवर. जुनी आवृत्ती दहा मिनिटांत परत कशी आणायची हे आधी एकदा प्रत्यक्ष करून बघायचं. गाळप हंगाम सुरू व्हायच्या आदल्या रात्री काहीही नवं बसवायचं नाही, पतसंस्थेत ३१ मार्चच्या आसपास नाही. आणि बदल छोटे ठेवायचे. सहा महिन्यांचं काम एका दिवशी बसवलं आणि बिघडलं, तर कशाने बिघडलं ते शोधण्यातच आठवडा जातो.

बिघडल्यावर

"कोणी केलं?" हा प्रश्न विचारला की पुढच्या वेळी लोक लपवतात. हा स्वभाव आहे, त्याला उपाय नाही. म्हणून चांगल्या ठिकाणी प्रश्न असा विचारतात: हे होऊ कसं शकलं? त्या माणसाला त्या क्षणी काय दिसत होतं, त्याला ते बरोबर का वाटलं, आणि वाटेतल्या कुठल्या टप्प्यावर हे अडायला हवं होतं? बैठक संपताना वाटेतला एक तरी बदल ठरला पाहिजे, नावासकट आणि तारखेसकट. "यापुढे काळजी घ्यावी" हा बदल नव्हे. काळजी तो आधीही घेतच होता.

यात मालकाची कसोटी लागते. गिऱ्हाईक फोनवर चिडलेलं असताना समोर बसलेल्या मुलावर राग न काढणं सोपं नाही. पण ज्या ऑफिसात ट्रेनी मुलगी उठून "सर, काल माझ्याकडून चुकीच्या डेटाबेसवर कमांड गेली, अजून कोणाच्या लक्षात आलं नाहीये" असं सांगू शकते, त्या ऑफिसाचं सॉफ्टवेअर मी डोळे झाकून घेईन.

प्रमाणपत्रं आणि मोजमाप

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेने वॉट्स हम्फ्री यांच्या पुढाकाराने सीएमएम नावाची, कंपनीची सॉफ्टवेअर करण्याची पद्धत किती पक्की आहे ते सांगणारी, पाच पायऱ्यांची मोजपट्टी केली. पहिल्या पायरीवर सगळं चार कर्त्या माणसांच्या जिवावर चालतं, पाचव्यावर कंपनी आपल्या पद्धती मोजून सतत सुधारत असते. १९९० च्या दशकात बंगळूरच्या मोटोरोलाने पाचवी पायरी गाठली, तेव्हा जगात मोजक्याच जागा तिथवर पोचल्या होत्या. भारतीय कंपन्यांना परदेशी कामं मिळायला या प्रमाणपत्रांचा मोठा हात लागला. नंतर काही ठिकाणी ऑडिटच्या आधी रात्रभर बसून कागद भरण्याची रीत पडली, ते मात्र वाईट झालं. जो कागद ऑडिटरशिवाय कोणी वाचत नाही तो लिहू नये.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी मिळून अजाइलचा जाहीरनामा लिहिला: छोटे टप्पे, चालणारं सॉफ्टवेअर, गिऱ्हाइकाशी सतत बोलणं, बदलाला तयार असणं. विचार उत्तम. पण रोज सकाळी सगळ्यांना उभं करून हजेरी घेतली म्हणजे अजाइल झालं, असा समज पसरला आहे, तो काढून टाकावा. त्या पंधरा मिनिटांत "मी इथे अडकलोय" असं कोणी बोलतच नसेल तर ती बैठक बंद केलेली बरी.

मोजायचं असेल तर चार गोष्टी पुरतात: नवं किती वेळा बसवतो, काम हाती घेतल्यापासून बसेपर्यंत किती दिवस, बसवल्यावर किती वेळा बिघडतं, बिघडल्यावर सुरळीत व्हायला किती वेळ. मोजमाप वाटेचं करायचं, माणसाचं नाही. कोणी किती ओळी लिहिल्या, किती तास बसला यावर पगार ठरू लागला की ओळी वाढतात, तास वाढतात आणि काम तिथेच राहतं.

कुठून सुरुवात करायची?

सोमवारी सकाळी गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शेवटच्या दहा तक्रारी काढा. वहीत तीन रकाने आखा: तक्रार काय, ती चूक कुठल्या टप्प्यावर जन्मली, सापडली कुठे. गरज ऐकताना, आराखड्यात, कोडमध्ये, बसवताना, असं एकेक लिहीत जा. सगळ्यांनी मिळून लिहा, कोणाचंही नाव न घालता. दहापैकी निम्म्याहून जास्त एकाच टप्प्यावर जन्मलेल्या दिसल्या, तर बाकी सगळं तसंच राहू द्या आणि पुढचा महिनाभर फक्त त्या टप्प्यात एक बदल करा. महिन्याने पुन्हा दहा तक्रारी काढा आणि तेच तीन रकाने भरून बघा.